ताईच्या मापाची कवळी

कवळीमामांना माणसाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही, पण दात मात्र जन्मात विसरायचे नाहीत. रस्त्याने बायकोबरोबर चालताना समोरून कोणी हसत आलं, की मामा हलक्या आवाजात म्हणत, "खालचा डावा सुळा बघ, आत वळलाय. काय सुरेख वळलाय!" हसणारा बिचारा आपल्याला ओळख दिली असं समजून पुढे जाई आणि मामी कपाळाला हात लावत. शेजारणींत बसल्या की त्या म्हणत, "इतरांचे नवरे बायकांकडे बघतात, तर भांडता तरी येतं. माझा नवरा बायकांच्या दाढा बघतो. मी तक्रार कुणाकडे करायची?"

मामा कवळ्या करत. दाताच्या दवाखान्यामागे एक लांबोडकी खोली होती, तिला एकच खिडकी, आणि तीही प्लास्टरच्या धुळीने पांढरी झालेली. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत. मामा त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढत, साच्यावर मेण बसवत, मेणात एकेक दात रोवत. ही मेणाची कवळी तोंडात घालून बघायची. माणूस हो म्हणाला, की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं आणि उकळत्या पाण्यात ठेवून शिजवायचं. एकदा शिजली की संपलं. मेणात दात बोटाने सरकतो, शिजलेल्या कवळीत हातोडीनेच निघतो. म्हणून मेणाची चाचणी झाल्याशिवाय शिजवायचं नाही, हा मामांचा नियम, आणि चौतीस वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

फळ्यांवर शेकडो जबडे ओळीने मांडलेले. पेन्सिलीने खाली नाव लिहायची पद्धत, पण मामा लिहीत, 'हसताना खांदे हलतात', 'नुसतं नाकातून', 'दुसऱ्याची फजिती झाली तरच'. गावातल्या कुठल्या रुबाबदार माणसाची बत्तिशी रात्री पेल्यात झोपते हे मामांना ठाऊक होतं. मामींनी नाना परींनी काढून घ्यायचा प्रयत्न केला, शेजारणींनी मामींना भरीला घातलं. मामांच्या तोंडून शब्द फुटला नाही. फक्त एकदा, एका देखण्या गायिकेचा विषय निघाला तेव्हा मामा जरा जास्तच वेळ खोकले, आणि मामींना कळायचं ते कळलं. संध्याकाळपर्यंत चार घरांनाही कळलं.

मामांचं वेड मात्र वेगळंच. त्यांना सरळ दातांचा मनस्वी तिटकारा. "ओळीत उभे केले की ती कवायत झाली, तोंड नाही," असं म्हणत. माप येण्याआधी ते बाहेरच्या बाकावर पेशंटशेजारी जाऊन बसत, स्वतःचीच एखादी फजिती सांगून त्याला हसवत आणि चोरून बघत. जुना फोटो मागवत, तोही हसताना काढलेला. मग खोलीत येऊन दिवसदिवस खपत. एक दात केसभर फिरवायचा, एकाचा कोपरा घासायचा, एकावर वयाप्रमाणे पिवळटपणाची झाक आणायची. मेणाची ती कवळी हातात धरली, की वाटे, आता ही बोलेल.

आणि पेशंट आरशात बघून म्हणे, "अहो, हा वाकडा बसलाय."

"तुमचा तसाच होता," मामा दाराआडून म्हणत.

"होता ना! आता पुन्हा कशाला?"

डॉक्टर मामांना बाजूला घेत. "मामा, माणूस दात काढून घेतो तो सुटायला. तुम्ही त्याच्या मागे तेच दात घेऊन धावता. करा सरळ."

मामा दातओठ खात, म्हणजे स्वतःचे, आणि मेण गरम करून सगळे दात रांगेत उभे करत. चौतीस वर्षं हेच. त्यांच्या मनासारखी एकही कवळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरून गेली नाही. मामींना ते कधीतरी म्हणत, "एक. फार नको. या जगात एक तोंड माझ्या मनासारखं हसावं." मामी म्हणत, "माझे अजून शाबूत आहेत, इकडे बघू नका."

हे वेड लावलं ताईने. मामांची मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. तिच्या वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये चांगली काडी जाईल एवढी फट होती. ती खळखळून हसली की हसण्याच्या शेवटी त्या फटीतून बारीक शीळ निघे. कलिंगडाची बी त्या फटीतून ती अशी उडवी की अंगणापलीकडच्या भिंतीवर टप्प वाजे. धाकट्या भावाला जगात त्याहून मोठी कर्तबगारी दिसत नव्हती. आठ वर्षांचा असताना त्याने मातीचं ताईचं तोंड केलं, हसणारं, आणि दोन दातांत फट राहावी म्हणून ओल्या मातीत आगकाडी रोवून ठेवली. घरोघर नेऊन दाखवलं. बघणारे पोट धरून हसले, हा आपल्या कलेचा मान समजला. दोन दिवसांनी ते तोंड खिडकीखाली फुटून पडलेलं सापडलं. मांजरावर आळ आला आणि त्या मांजराला आठवडाभर दूध मिळालं नाही. पोरगा मात्र तोंडं करतच राहिला, तेव्हा वडील म्हणाले, "तोंडंच करायची तर कुणाच्या उपयोगाची कर," आणि ओळखीच्या कवळीवाल्याकडे नेऊन बसवलं. अशी ही सुरुवात.

तर या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की मशीन येतंय. तोंडात कॅमेरा फिरवायचा, दुसऱ्या दिवशी कवळी तयार. तीन महिन्यांनी खोली रिकामी करायची होती. "तुम्ही पुष्कळ केलंत मामा, आता आराम करा," ते म्हणाले. आराम करा म्हणजे त्यानंतर येऊ नका, हे समजायला मामांना कुणी लागलं नाही. आणि त्याच महिन्यात ताईच्या हिरड्यांनी हात टेकले. उरलेसुरले दात काढावे लागले. चौसष्टाव्या वर्षी ती पेज पीत घरात बसली. हिरड्या भरल्यावर माप द्यायला आली आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "बारक्या, चांगली कर हं."

बारक्या म्हणणारी आता तीच एक उरली होती. मामांनी मान डोलवली.

नऊ दिवस ते त्या खोलीतून हलले नाहीत. या वेळी फोटो मागवावा लागला नाही. फट किती हे बोटांनाच माहीत होतं. डावा दात उजव्यापेक्षा किंचित पुढे. उजव्याचा कोपरा विहिरीच्या काठावर आपटून उडालेला, तोही घासला. मेणाची कवळी तयार झाली. आता ताईला बोलावून तोंडात घालून बघायची, एवढंच बाकी.

मामांनी बोलावलं नाही. नियम परक्यांसाठी असतो, ताईचं तोंड का परकं? मेणावर सगळेच खुसपट काढतात, आणि इथे काढण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी प्लास्टिक भरलं, पाणी उकळत ठेवलं आणि शेजारी स्टुलावर बसून राहिले. झाकणाखाली खडखड वाजत होतं. त्या दुपारी मामा इतके सुखी होते, की डॉक्टर डोकावले तर त्यांनाही हसून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ताई घरी आली. मामी चहा टाकून पुढे उभ्या राहिल्या. ताईने पाठ फिरवून कवळी बसवली, ओठ मिटले, जीभ फिरवून पाहिली. घट्ट बसली होती, कुठे टोचत नव्हती. मग मामींनी आरसा धरला.

ताई आरशाकडे झुकली.

"शीळ वाजव," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आठ वर्षांचा झाला होता.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं आणि वाजवली. बारीक, काठावर थरथरणारी. तीच. मामींच्या अंगावर काटा आला. मामांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ताई रुमालात कवळी काढत होती. पुसून तिने ती भावाच्या हातावर ठेवली.

"टोचते का?"

"नाही रे. बसली छान. पण मला नको."

"ताई, ही तुझीच आहे. अगदी..."

"माझीच आहे, म्हणून तर." ती खाली बसली. दात नसल्याने शब्द फसफसत होते. "शाळेत मला काय म्हणायचे माहीत आहे तुला? फाटक. बाई हजेरी घेताना कुणीतरी मागून फाटक वाजल्याचा आवाज काढायचं. लग्न जमताना दोघांनी तेवढ्यावरून नाही म्हटलं. एकाने तर तोंडावर सांगितलं. मी जन्मभर तोंडावर हात धरून हसले बारक्या. तुला काय वाटलं, लाजरी होते?"

मामांना खरंच तसंच वाटत होतं.

"पण बिया उडवायचीस ना..."

"तुझ्यापुढे. तू लहान होतास, तू हसायचा नाहीस, टाळ्या वाजवायचास. म्हणून." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि ते मातीचं तोंड मी फोडलं होतं. मांजराने नाही. तू घरोघर दाखवत हिंडलास. दोन दिवस मी शाळेत गेले नव्हते."

मामी आरसा तसाच धरून उभ्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, मेणावर दाखवली का नाही आधी? परक्या माणसाला दाखवता!"

"दाखवली असती तर मी सांगितलं असतं," ताई म्हणाली. "विचारलंस का कधी?"

मामांनी कवळी उलटीपालटी केली. कुठे सरकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "अजून चार दिवस खोली आहे. दुसरी करतो. सरळ."

"नको. डॉक्टरांच्या मशीनची घेईन." ताईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू मनापासून करशील, आणि कुठेतरी एक वाकडा ठेवशीलच. तुझ्याच्याने राहवणार नाही."

हे खरं होतं. मामांनी कवळी पेल्यातल्या पाण्यात सोडली आणि पेला फळीवर ठेवला.

चार दिवसांनी खोली रिकामी झाली. जबडे पोत्यांत भरताना एकमेकांवर आपटून त्यांचे टवके उडत होते. मामांनी दोन पोती स्वतः भरली, मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. एक पेशंट शेजारी होता. त्याला काही सांगून हसवावं असं त्यांना वाटलं नाही.

ताईला मशीनची कवळी मिळाली. पांढरीशुभ्र, पेटीच्या पट्ट्यांसारखी सरळ. पहिल्यांदा घरी येऊन हसली तेव्हा सवयीने तिचा हात तोंडाकडे निघाला, मध्येच तिला आठवलं आणि हात मांडीवर उतरला. मामांनी ते पाहिलं. पुढे ती आली, की ते मामींना काहीतरी वेडंवाकडं बोलायला लावत, ताई हसावी म्हणून, आणि हसली की दातांकडे न बघता हाताकडे बघत. जुनी ताई आता तेवढ्या हातापुरती उरली होती. दुसऱ्या महिन्यात हात हनुवटीपर्यंत यायचा. मग छातीपर्यंत. एका रविवारी मामींनी त्या गायिकेवरून मामा खोकल्याचा किस्सा असा काही रंगवला की ताई हसता हसता खुर्चीत मागे कलली. हात बाजूला लोंबत होते. शीळ नव्हती.

"किती मोकळ्या हसतात हो ताई आता," ती गेल्यावर मामी म्हणाल्या. "माझ्या लग्नापासून असं पाहिलं नव्हतं."

"हो," मामा म्हणाले.

कवळी कोरडी पडली की वाकते, म्हणून ती कायम पाण्यात ठेवायची असते. मामा उठले, फळीवरचा पेला घेऊन मोरीत गेले आणि त्यातलं पाणी बदललं.