पोटातलं ओठावर येत नाही

दात दुखला की माणूस खरं सांगतो. पोटाचं विचारलं की काहीतरी राखून ठेवतो. मी जन्मभर पोटाचाच डॉक्टर, त्यामुळे असे किस्से न मागता साठत गेले.

एम.डी. झाल्यावर मुंबईत एका इस्पितळात पोटविकारांचं शिक्षण घेत होतो. सरांचा नियम असा, की पेशंटच्या पोटात नळी घालण्याआधी ती आपण गिळायची. माझ्या जोडीच्या प्रभूने सकाळपासून उपाशी असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. सरांनी नळीतून पिचकारीने पोटातला रस ओढला, तो चहाच्या रंगाचा! सर एवढंच म्हणाले, "पेशंट उपाशी आहे म्हणाला, की हा चहा आठवायचा."

*

साठ सालाच्या सुमारास मालवणात दवाखाना काढला. दारावर 'पोटविकारतज्ज्ञ' अशी पाटी. मामांनी ती दोनदा वाचली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाकीच्या आंगाच्या परीक्षेत नापास झालंस काय रे?"

*

एका मासळीवालीला नळी दाखवली. ही आधी कोणाच्या पोटात गेली होती, ते तिला हवं होतं. उकळून घेतलीय म्हटलं, तरी ऐकेना. शेजारणीच्या पोटातली नळी तिला चालणार नव्हती. नेमकी तीच शेजारीण बाहेर नंबर लावून बसली होती.

*

भिकाजीदादा आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंता यांचं माडांच्या बागेवरून बिनसलेलं, पण चूल एकच. दादांच्या पोटात जळजळ सुरू झाली आणि त्यांनी ठरवलं, वसंता जेवणात काहीतरी घालतोय. घरचं अन्न सोडलं. माणूस पार खंगला. तपासलं तर साधा अल्सर. मी दूध आणि पांढरं औषध सुरू केलं.

पण औषधाची बाटली निम्म्या दिवसांत संपायला लागली. आता संशय मला आला. न सांगता घरी गेलो.

ओटीवर दोघे भाऊ समोरासमोर बसलेले. घरात आलेली बाटली म्हणून दादांचा तिच्यावरही विश्वास नव्हता. प्रत्येक वेळी वसंताने तेवढंच औषध आधी प्यायचं, त्याला काही होत नाही असं बघून मग दादा घेणार. वसंता मुकाट पीत होता.

दादांना मी झापलं. वसंताला म्हटलं, "तू कशाला पितोस? तुला कुठे दुखणं आहे?"

वसंता खाली बघून म्हणाला, "दुखणा आसा. दादाच्या आधीपासून. ह्या पिऊक लागल्यापासून बरा वाटता."

"मग आजवर बोलला का नाहीस?"

"बोलू कसो? दादा म्हणतलो, माझ्या ताटात घातलेला तूच चुकान खाल्लंस."

दादा बाटलीकडे हात पुढे करून म्हणाले, "दी हयसर. आज पयलो चमचो माझो."