रोहिणीला समजावायला अल्फारेटापर्यंत

आमच्या पार्सिपनीहून दूर दक्षिणेतल्या अल्फारेटाला विमानाने जाणं सोपं. आम्ही गाडी काढली, कारण सुरेशमामांना विचार करायला वेळ हवा होता. मामा निवृत्त डॉक्टर, अमेरिकेतल्या आमच्या गोतावळ्यात सगळ्यात ज्येष्ठ. अल्फारेटाला माझी मावसबहीण रोहिणी राहते. तिने बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून नागपूरची मावशी, म्हणजे तिची आई, तिच्याशी बोलत नाही. या उन्हाळ्यात मावशी अमेरिकेला यायला तयार झाली, पण रोहिणीने ‘ते सगळं’ सोडलं तरच. निरोप पोचवायचं काम मामांकडे आलं, ड्रायव्हिंगचं माझ्याकडे.

हा प्रवास करणार असाल तर ९५ नंबरच्या हायवेच्या नादी लागू नका, ८१ घ्या. ट्रक भरपूर, पण व्हर्जिनियात डाव्या हाताला ब्लू रिजचे डोंगर तासन्‌तास सोबत करतात. रेस्ट एरिया स्वच्छ आहेत. आम्ही थालीपीठं नेली होती, त्यामुळे बाहेर फक्त कॉफी घेतली. जिथे ७७ फुटतो तिथे मोटेल स्वस्त मिळतात. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलिनात उतरताना घाटात दाट धुकं लागलं. तिथे सावकाश चालवा. शार्लट मागे पडल्यावर मामा म्हणाले, “चिडायचं नाही, असं ठरवलंय मी.”

पोचलो त्या संध्याकाळी रोहिणी आम्हाला इंडियन ग्रोसरीत घेऊन गेली. भाज्यांपाशी एक लहान मुलगी तिला येऊन बिलगली. “रोहिणीमावशी! व्हाय डोन्ट यू टीच अस एनीमोर?” तिच्या आईने तिला हाताला धरून ओढलं आणि आमच्याकडे न बघता पुढे गेली. पलीकडच्या रांगेतून तिचा आवाज आला, “बाटलीय ती. मुलांना काय शिकवेल सांगता येत नाही.”

रोहिणी कोथिंबीर निवडत राहिली. गाडीत बसल्यावर मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. लायब्ररीत ती शनिवारी मुलांना मराठी शिकवायची. एका शनिवारी गेली तर खोली रिकामी. वर्ग दुसरीकडे हलवला होता, तिला कोणी कळवलं नव्हतं.

“राग नाही येत?” मामांनी विचारलं.

“येतो ना. म्हणून तर त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागते. नाहीतर रागच राहील.”

जेवणं झाल्यावर मामांनी निरोप सांगितला. रोहिणीचा नवरा मकरंद टेबल आवरत होता, तो थांबला. घरातलं देवघर मकरंदचं. तो रोज पूजा करतो आणि रविवारी बायकोला चर्चला सोडतो. त्या दोघांचं यावर भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही.

“हे बघ,” मामा म्हणाले, “तू नुसतं सांग की सोडलं. आई महिनाभर राहील, तेवढे रविवार कॅन्सल कर. ती गेली की जात जा पुन्हा. कोणाला कळणार आहे?”

मला ही सूचना व्यवहारी वाटली. मी तसं म्हणालेही.

रोहिणीचे डोळे भरले. “मामा, तिला भेटून किती वर्षं झाली! तिचा आवाज ऐकायला जीव तुटतो माझा. पण येशूला ओळखत नाही असं म्हणून मी तिला घरात आणलं, तर ती भेटेल कोणाला? मी नसेनच त्या घरात.”

“म्हणजे आई नको तुला?”

“हवी आहे. तिला सांगा, दार उघडं आहे. पण हे सोडणार नाही.”

मामा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मामा म्हणाले, “चल, बघू तरी.” चर्च म्हणजे एका शाळेची जिम, घडीच्या खुर्च्या, मागे बास्केटबॉलचं जाळं. मामांनी सवयीने दारात बूट काढले. कोणी हसलं नाही. शेवटी ज्याने त्याने आपापल्या भाषेत प्रार्थना केली. रोहिणी आमच्या शेजारी मराठीत हळू बोलत होती. “प्रभू, आईचे गुडघे बरे कर. माझा राग येतो तिला, तो येऊ दे. पण त्यापायी तिची झोप जायला नको.” माझ्यावर प्रार्थनेचा काही परिणाम होत नाही. मामा मात्र मोजे घातलेल्या पायांकडे बघत बसले होते.

पार्सिपनीला परतल्यावर मामांनी माझ्यासमोर नागपूरला फोन लावला. “नाही, नाही ऐकलं तिने,” ते म्हणाले. “खोटं बोल म्हटलं, तेही नाही बोलली. तिच्याकडे नको तर माझ्याकडे ये. पण ये.”

मावशी जूनमध्ये मामांकडे आली. अल्फारेटाचं नाव तिने काढलं नाही. रोहिणी आणि मकरंद तोच लांबचा रस्ता ड्राइव्ह करून इकडे आले. मायलेकी फार काही बोलल्या नाहीत. कोणाचं बरोबर, हे मला अजूनही ठरवता येत नाही, आणि मला कोणी विचारलेलंही नाही. एवढं मात्र मी पाहिलं: जेवायला बसल्यावर रोहिणीने हात जोडून डोळे मिटले. मावशी वाढत होती. तिचा हात भाताच्या डावासकट तसाच थांबला. रोहिणीने डोळे उघडले, तेव्हा मावशीने तिच्या ताटात भात वाढला.