बेचाळिसावा पास

अणुवीज केंद्राच्या बाहेरच्या फाटकावर पास देणाऱ्या माणसाला सगळे पासकाका म्हणत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही.

सव्वीस वर्षं पासकाका त्या खिडकीमागे बसत होते. समोर जाड नोंदवही, उजवीकडे शिक्के, डावीकडे फोटो काढायचा कॅमेरा. पासाशिवाय आत कुणी गेलं नाही आणि नोंदीशिवाय बाहेर कुणी आलं नाही, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ. एकदा मोठे साहेबच मिशा काढून आले. पासकाकांनी पासावरचा फोटो पाहिला, साहेबांचा गुळगुळीत ओठ पाहिला आणि हात जोडले.

"साहेब, मी तुम्हाला ओळखतो. पास ओळखत नाही."

साहेब मुकाट्याने नवा फोटो काढून घेऊन आत गेले. बायकोचीही गत वेगळी नव्हती. घरी विसरलेला चष्मा द्यायला ती एकदा फाटकावर आली, तर पासकाकांनी तिच्यापुढे फॉर्म सरकवला. 'भेटीचं कारण' या रकान्यात तिने लिहिलं 'नवरा'. 'भेट किती वेळ हवी' या रकान्यात लिहिलं 'झाली तेवढी पुरे'. पासकाकांनी त्यावरही शिक्का मारला.

अशा माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट मात्र जरा झाकलेली होती. घराण्याविषयी कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आमचा लोकरीचा व्यवसाय आहे." म्हणताना मान अशी करायचे, की ऐकणाऱ्याला मोठी गिरणी आणि चार मजली गोदाम डोळ्यांपुढे दिसावं. प्रत्यक्षात व्यवसाय म्हणजे मेंढरं. वडील मेंढपाळ, आजोबा मेंढपाळ, आणि आता सगळा कळप थोरली बहीण सांभाळत होती. पासकाकांना लोकरीची शिंक यायची. एकोणिसाव्या वर्षी शिंकत शिंकत त्यांनी घर सोडलं ते अणूच्या नोकरीला लागले. त्यानंतर बहिणीकडे जाणं झालं ते लग्नकार्यापुरतं, तेही नाकाला रुमाल लावून.

मग केंद्राने ऊन पकडायचं ठरवलं.

केंद्राच्या बाहेरच्या कुंपणाच्या आत मोठी मोकळी जमीन होती. सुरक्षेसाठी राखलेली, तिथे घर नाही, शेत नाही, नुसता वारा. त्या जमिनीवर सौर पॅनेल बसवायची असं ठरलं. पासकाकांना हा अणुभट्टीचा अपमान वाटला. साहेब सकाळी फाटकावर आले तेव्हा त्यांनी विचारलंच.

"साहेब, आपल्याकडे एवढी भट्टी आहे. मग या काचा कशाला?"

साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "काका, भट्टी म्हणजे लांब पल्ल्याची मालगाडी. एकदा वेग धरला की रात्रंदिवस चालते. तिला घडीघडी पळव, घडीघडी थांबव, हे मानवत नाही. आता दुपारी काय होतं? गावातले पंखे, पंप, कारखाने सगळे एकदम सुरू. ही जादा भूक भागवायला पलीकडचं कोळशाचं केंद्र पेटवावं लागतं, आणि मग धूर. आणि नेमकं दुपारीच ऊन कडक असतं की नाही? तर दुपारची जादा भूक उन्हाने भागवायची. रात्री आणि ढगाळ दिवशी भट्टी आहेच. दोघांनाही धुराडं लागत नाही."

"पण साहेब, सूर्य रोज संध्याकाळी रजेचा अर्ज न देता निघून जातो. असल्या माणसाला मी पास दिला नसता."

"म्हणून तर त्याला एकट्याला कामावर ठेवला नाही," साहेब म्हणाले आणि आत गेले.

पॅनेल बसली. काही महिने छान गेले. मग गवत वाढलं. ते गवत म्हणजे सरकारी गवत, कुणाला न विचारता वाढणारं. खालच्या रांगांवर सावली पडायला लागली आणि वीज घटली. गवत कापायचं यंत्र आणलं, तर त्याच्या पात्यांनी खडे उडवून अकरा काचा फोडल्या. मग कुणीतरी शेळ्यांची शक्कल लढवली. शेळ्यांनी गवताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट पॅनेलवर चढल्या आणि उतारावर उभ्या राहून, पुढारी व्यासपीठावरून पाहतात तसं, खाली पाहायला लागल्या. एकीने तारही चघळली. शेवटी जाणत्यांनी सांगितलं, मेंढ्या आणा. मेंढी मान खाली घालून चरते. वर जग आहे याची तिला कल्पनाच नसते.

कंत्राट निघालं. ज्या दिवशी मेंढ्या यायच्या होत्या त्या दिवशी पासकाकांनी नाकाची गोळी घेतली आणि खिडकीत ताठ बसले. लांबून धूळ दिसली, मग घंटा ऐकू आल्या, आणि मग एक आवाज आला. तो ऐकून पासकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ए बारक्या! अरे, फाटक उघड की!"

आक्का. हातात काठी, डोक्याला रुमाल, मागे एक्केचाळीस मेंढ्या. फाटकावरचे सहाही पहारेकरी वळून पासकाकांकडे पाहायला लागले.

"बारक्या कोण?" एकाने हळूच विचारलं.

"हा काय! माझा धाकटा भाऊ," आक्का खुशीत म्हणाली. "लहानपणी मेंढीला भिऊन झाडावर चढायचा. उतरवायला शिडी लागायची."

"लोकरीचा व्यवसाय," दुसरा पहारेकरी पुटपुटला, आणि बाकीचे खाकरले.

पासकाका लालबुंद झाले. अशा वेळी त्यांना नियमाचाच आधार असे. ते म्हणाले, "आक्का, आत सोडतो. पण पास लागेल."

"हा बघ माझा."

"तुझा आहे. यांचे?"

आक्काने मेंढ्यांकडे पाहिलं. मेंढ्यांनी पासकाकांकडे पाहिलं. पासकाकांनी नियमपुस्तक उघडून वाचून दाखवलं: 'कुंपणाच्या आत कामासाठी येणाऱ्या प्रत्येकास पास अनिवार्य.' प्रत्येकास म्हणजे माणसास, असं कुठेही लिहिलं नव्हतं.

"आणि या कामासाठीच आल्या आहेत ना? सहलीला तर नाही?"

आक्का म्हणाली, "तुझ्या डोक्यात लोकर भरलीय." पण भाऊ आपला हेका सोडणार नाही हे तिला पाळण्यापासून माहीत होतं. ती सावलीत बसली.

फोटो काढायला सकाळ गेली. एक्केचाळीस फोटो निघाले आणि सगळे एकाच मेंढीचे वाटत होते. 'ओळखचिन्ह' या रकान्यासाठी आक्काला प्रत्येकीचं वर्णन करावं लागलं. "ही डाव्या कानाला तुटकी. ही काजळी, तोंड काळं. ही भांडखोर." "भांडखोर हे चिन्ह नाही, आक्का." "मग जवळ जाऊन बघ." पासकाका जवळ गेले, ढुशी खाल्ली, आणि 'भांडखोर' लिहिलं. सहीच्या जागी खुराचा ठसा घेतला. फॉर्मात पुढे 'गरोदर आहात काय?' असा प्रश्न होता. परक्या बायकांना हा प्रश्न विचारताना पासकाकांना नेहमीच संकोच वाटायचा. एक्केचाळीस वेळा कोण विचारणार? त्यांनी तो रकाना मोकळा सोडला.

मग सुरक्षेची चित्रफीत. बाहेरच्या कामगारांना पाऊण तास बसून ती पाहावीच लागे. मेंढ्यांनाही दाखवली. निम्म्या झोपल्या, दोघींनी खुर्चीचा फोम खाल्ला. पासकाकांनी नोंदवहीत लिहिलं, 'उपस्थिती समाधानकारक, नेहमीप्रमाणे.'

काम मात्र झकास सुरू झालं. मेंढ्या पॅनेलखालून रांगेने चरत जात. दुपारी त्याच पॅनेलच्या सावलीत बसून रवंथ करत. वीज पुन्हा वाढली. पासकाका रोज सकाळी एक्केचाळीस आत आणि संध्याकाळी एक्केचाळीस बाहेर अशी नोंद करत, मध्ये शिंकत, आणि बहिणीशी कामापुरतं बोलत.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी अवेळी सर कोसळली. मेंढ्या चिंब भिजल्या. आक्काने त्यांना लवकरच फाटकाकडे आणलं. बाहेर पडताना सगळ्यांना तपासणीच्या कमानीखालून जावं लागे. अंगाला किरणोत्सर्गी काही चिकटलं असेल तर ती कमान वाजते. सव्वीस वर्षांत ती फक्त चाचणीच्या दिवशी वाजली होती.

पहिली मेंढी कमानीखाली गेली आणि कमान किंचाळली.

दुसरी गेली, पुन्हा किंचाळली. तिसरीला पहारेकऱ्यांनी अडवलं. लाल दिवा फिरायला लागला. साहेब धावत आले. पासकाका नियमाप्रमाणे पुढे सरसावले आणि काळ्या तोंडाच्या काजळीला घट्ट धरून बाजूला नेलं. नंतर ते स्वतः कमानीखाली गेले, तर कमान त्यांच्यावरही किंचाळली.

"बारक्या!" आक्काच्या हातातली काठी गळून पडली. "काय झालं रे तुला?"

तेवढ्यात मापनबाई आल्या. किरणोत्सर्ग मोजणं हे त्यांचं काम. बाईंनी काजळीच्या पाठीवर यंत्र फिरवलं, पासकाकांच्या ओल्या सदऱ्यावर फिरवलं, आभाळाकडे पाहिलं आणि हसल्या.

"हे भट्टीचं नाही. आभाळाचं आहे. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू जगभर थोडाथोडा निघतच असतो. त्याचे कण हवेत असतात, पावसाबरोबर खाली येतात आणि ओल्या लोकरीला चिकटतात. मेंढी म्हणजे चालता-बोलता टिपकागद! अर्ध्या तासात निम्मं विरेल, पुढच्या अर्ध्या तासात निम्म्याचं निम्मं. शेडमध्ये बसा तासभर. पुन्हा मोजू."

"आणि मी?" पासकाकांनी विचारलं.

"तुम्हीही त्यांच्यातच."

साहेब तोंड फिरवून हसले. पासकाका, आक्का आणि एक्केचाळीस मेंढ्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले. ओल्या लोकरीचा वास असा दाटला, की पासकाकांनी ओळीने नऊ शिंका दिल्या. आक्काने आपला डोक्याचा रुमाल काढून त्यांना दिला.

"बारक्या, एक विचारू? तू आमच्या मेंढरांची लाज वाटून गेलास ना?"

पासकाकांनी रुमाल नाकावरून काढला नाही. म्हणाले, "शिंकांमुळे गेलो. लाज नंतर वाटायला लागली. सवयीने."

"मला काय वाटलं, सांगू? म्हटलं, आपला भाऊ एवढ्या मोठ्या अणूवर लक्ष ठेवतो."

"अणूवर नाही गं. फाटकावर."

"मग मीही मेंढ्यांवर कुठे लक्ष ठेवते? मी तर फक्त त्या कुठे जातात ते बघते. एकच धंदा झाला की आपला!"

पासकाका हसले, आणि हसता हसता थांबले. कोपऱ्यात काजळी आडवी झाली होती आणि चमत्कारिक आवाज काढत होती.

"अगं बाई, हिची वेळ झाली!" आक्का उठली. "बाह्या वर कर, बारक्या."

"मी?"

"मग साहेबांना बोलवू?"

पुढच्या वीस मिनिटांत पासकाकांनी असं काही केलं, जे कोणत्याच नियमपुस्तकात नव्हतं. आक्का सांगत गेली आणि ते करत गेले. लहानपणी वडिलांना करताना पाहिलेलं सगळं हातांना बरोबर आठवलं. शेवटी एक ओलं, लडबडलेलं कोकरू त्यांच्या मांडीवर पडलं, उभं राहायला गेलं, कोसळलं, आणि पासकाकांच्या सदऱ्याचं बटण चोखायला लागलं.

तास झाला. मापनबाईंनी मोजलं, सगळे साफ. मेंढ्या एकेक करून कमानीखालून गेल्या, कमान गप्प. एक्केचाळीस झाल्या. मग आक्का कोकरू कडेवर घेऊन निघाली, आणि पासकाकांचा हात आपोआप आडवा झाला.

"थांब, आक्का. हे आत आलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"नोंद नाही. आत न आलेला बाहेर कसा जाईल?"

पहारेकरी जमले. साहेब म्हणाले, "काका, जाऊ द्या ना." मापनबाई म्हणाल्या, "आईच्या पासावर जाऊ द्या." पासकाकांनी मान हलवली, एका पासावर एकच. आक्काने काठी उचलली. पण पासकाका खिडकीमागे जाऊन बसले होते. त्यांनी कॅमेरा सरळ केला, फोटो काढला, कोरा पास घेतला आणि सुबक अक्षरात भरायला लागले. ओळखचिन्ह: ओले. कामाचं स्वरूप: अद्याप ठरले नाही. 'आत येण्याचा मार्ग' या रकान्याशी त्यांचं पेन बराच वेळ थबकलं. मग त्यांनी लिहिलं, 'आई', आणि शिक्का मारला.

"आता जा," ते म्हणाले.

वर्षाअखेरीला तपासणी अधिकारी आले. त्यांनी नोंदवही चाळली, त्या पानाशी थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आजूबाजूची नोंद इतकी चोख होती, की त्यांना शेरा मारायला जागा सापडेना. शेवटी समासात त्यांनी 'पाहिले' असं लिहून सही केली.

केंद्राचा कारभार त्या वर्षी सुरळीत चालला. दुपारी काचा, रात्री भट्टी, आणि कोळशाचं धुराडं बरेच दिवस थंड. साहेबांनी भाषणात सगळ्यांचे आभार मानले, मेंढ्यांचेही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच पासकाकांनी चार दिवसांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'लोकर कातरणी, घरचीच.' बायकोने हे वाचून दोनदा खात्री केली आणि लगेच बॅग भरायला घेतली. न जाणो, यांचा विचार बदलायचा.

आक्काकडे पोचल्यावर त्यांनी पहिली मेंढी अशी कातरली, की ती अर्धवट विणलेल्या स्वेटरसारखी दिसायला लागली. आक्का पोट धरून हसली. पासकाका शिंकले, कात्री पुसली, आणि दुसरीला जवळ ओढलं.