मोराची मान मोडलेला माणूस

अण्णाची कुणाशी पहिली ओळख होत असली की मी जरा लांबच उभा राहत असे. समोरचा माणूस नमस्काराला हात जोडायचा आणि अण्णाचा हात थेट त्याच्या शर्टाच्या कडेला जायचा. चिमटीत काठ धरायचा, डोळे मिटून दोनदा चोळायचा आणि मग निकाल द्यायचा, "ताणा बरा हाय, बाणा कच्चा हाय." एकदा आम्ही एका साहेबांकडे दाखला मागायला गेलो होतो, तर त्यांच्या सफारीची कड धरून त्याने हे कापड दोन धुण्यांपुरतंच आहे असं त्यांना तोंडावर सांगितलं. दाखला पुढच्या महिन्यात मिळाला. सोलापूरच्या पूर्वभागात, जिथे घरटी माग आणि घराघरात तेलुगू, तिथे सगळे त्याला चिमटीअण्णा म्हणत. माझ्यापुरता तो अण्णा, आणि मी जंगमाच्या, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंच्या, घरातला म्हणून त्याचा 'स्वामी'.

यंदाच्या मार्चमध्ये मस्कतच्या विमानतळावर तो मला घ्यायला आला, तेव्हाही चौदा वर्षांनी भेटलेल्या मित्राच्या गळ्यात पडण्याआधी त्याने माझं जाकीट चिमटीत धरलं. लेकीने कॅनडाच्या थंडीसाठी मुद्दाम पाठवलेलं, भारी जाकीट.

"प्लास्टिक हाय बे हे," तो म्हणाला आणि मग गळ्यात पडला.

मी टोरांटोला लेकीकडे कायमचा निघालो होतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली, शुक्रवार पेठेतलं घर भाड्याने दिलं, भांडीकुंडी वाटून टाकली. लेकीचं म्हणणं होतं की बाबा, सरळ या, मध्ये उतरू नका. मी हट्टाने मस्कतचे तीन दिवस मागून घेतले. म्हाताऱ्याला दोस्ताला भेटायचंय, असं तिला वाटलं. ते खरं होतं, पण अर्धंच. चौतीस वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती आपलीच समजून अण्णाने आयुष्य काढलं होतं. मला वाचवायला त्याने ती अंगावर घेतली असती तर निदान आभार तरी मानता आले असते. तसं काही नव्हतं. चूक आपली आहे यावर त्याचा मनापासून विश्वास होता आणि तो विश्वास मी बसू दिला होता. आता कॅनडाहून परतणं काही खरं नव्हतं, आणि त्याचीही एकसष्टी उलटली होती. तोंडावर सांगायचं तर हीच वेळ होती.

अण्णा तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी-टॉवेलांचं कोठार सांभाळतो. दुसऱ्या दिवशी त्याने मला ते दाखवायला नेलं, ते आपला बंगला दाखवावा अशा थाटात. छतापर्यंत पांढऱ्या घड्या रचलेल्या. अण्णा प्रत्येक थप्पी तीनदा मोजतो, आणि जगाशी कुठल्याही भाषेत बोलला तरी मोजतो फक्त तेलुगूत. परिणाम असा की त्याच्या हाताखालचे केरळचे, नेपाळचे, बांगलादेशचे सगळे गडी 'ओकटि, रेंडु, मूडु' करत मोजतात. त्यांतल्या एका नेपाळ्याला ही अरबी वाटत होती. इतक्या वर्षांत त्या कोठारातून चुकीची एक उशीची खोळही वर गेलेली नाही, असं तिथल्या साहेबाने मला मुद्दाम सांगितलं. अण्णाला विचारलं, एकदा मोजून भागत नाही का? तो म्हणाला, "मी एकदा चुकलेला माणूस हाय की."

मी मान खाली घातली आणि टॉवेल बघू लागलो.

खाण्याच्या बाबतीत तो होता तिथेच होता. मी सोलापुराहून कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचे दोन डबे नेले होते. त्यातला एक डबा कॅनडासाठी होता, पण अण्णाने दोन्ही उघडले. अरबांच्या त्या मऊ मोठ्या रोटीवर तो चटणी अशी पसरायचा की खालची रोटी दिसेनाशी व्हायची. लेकीसाठी म्हणून मी थोडी चटणी बाजूला काढायला लागलो तर माझ्या हातातून चमचा काढून घेतला. तुझ्या पोरीला तिथं शेंगदाणे मिळत असतील आणि बाप तर चाललाच आहे कुटून घालायला, असं त्याचं म्हणणं पडलं. तो राहतो त्या तीन माणसांच्या खोलीत त्याने मला स्वतःची खाट दिली आणि स्वतः खाली चादर टाकून झोपला. चादर अर्थात सोलापुरी. मी वाद घातला, तर म्हणाला की स्वामीला खाली झोपवलं म्हणून घरी कळलं तर बायको फोन उचलायची नाही.

त्याच दिवशी दुपारच्या चहाला कोठारात नवीन लागलेले दोन गडी होते. त्यांना त्याने ती गोष्ट सांगितली. मला माहीत होतं तो सांगणार. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती सांगितल्याशिवाय तो कामाला हात लावू देत नाही, असं मी फोनवर कितीदा ऐकलं होतं. आपल्या दख्खनी हिंदीत, हातवारे करून, तो रंगवून सांगू लागला. म्हणाला, मी सोलापूरच्या चादरीच्या कारखान्यात एक नंबरचा विणकर होतो. मोराच्या जोडीची नवी चादर माझ्या मागावर आली. माज चढला होता. पुठ्ठ्याच्या कार्डांची साखळी वर फिरते आणि कार्डातल्या भोकांप्रमाणे खाली नक्षी उतरते. ती साखळी तुटली, मी न बघता ओवली आणि चालू केलं. चाळीस चादरी निघाल्या तेव्हा कळलं की सगळ्या मोरांच्या माना मोडल्यात. घडी घालणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. इथे अण्णाने स्वतः मान वाकडी करून मोर करून दाखवला. गडी हसले, अण्णा त्यांच्याहून जोरात हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "इसलिए तीन बार गिनने का." मीही हसलो. हसलो नसतो तर त्याला संशय आला असता.

आता खरं काय झालं ते सांगतो. त्या कारखान्यात मी कार्डं तयार करून दोरीने ओवण्याचं काम करत होतो. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते आणि त्या दिवशी अक्षता, म्हणजे ग्रामदैवताच्या लग्नाचा सोहळा होता. आमच्या घरातले सगळे पांढऱ्या बाराबंदीत तयार होऊन माझी वाट बघत होते, आणि मला मोराची साखळी पुरी करूनच निघायचं होतं. घाईत गठ्ठा हातातून निसटला. कार्डं गोळा केली, पेन्सिलीचे आकडे पुसट झाले होते, वीस-बावीस कार्डांचा एक झुबका उलटा लागला. मी तो तसाच ओवला आणि अक्षतेला पळालो. दुसऱ्या दिवशी साखळी अण्णाच्या मागावर चढली. पहिली चादर पुरी व्हायच्या आत एके ठिकाणी साखळीची दोरी तुटली आणि अण्णाने ती सांधली. चादर मागावर उलटी विणली जाते, सुलटी बाजू खाली असते, त्यामुळे दोन दिवस कुणाला दिसलं नाही. दिसलं तेव्हा सगळ्यांनी एकच हिशेब केला, अण्णाने साखळी चुकीची सांधली. अण्णानेही तोच केला.

दुरुस्तीला साखळी माझ्याकडे आली. अण्णाने सांधलेला भाग बिनचूक होता. उलटा झुबका तिथून चांगला दोन हात लांब होता आणि त्याच्या गाठी माझ्या होत्या. आपली गाठ माणसाला ओळखू येते. मी दार लावून घेतलं, झुबका सुलटा केला आणि गप्प बसलो. तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं, नोकरी नवी होती, असली कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. मालकाने अण्णाला काढलं नव्हतं, रागावलाही नव्हता फारसा. अण्णानेच माग सोडला. एकदा हात चुकला की मागावर बसू नये, असं म्हणाला. वर्षभराने मस्कतला गेला. जाताना घरचे दोन मागही विकायला लावले.

शुक्रवारी त्याला सुट्टी असते. सकाळी त्याने मला मस्कतच्याच जुन्या, मत्राहच्या बंदरावर नेलं. कठड्यावर बसलो, समोर नावा, मागे डोंगर. तो मला कुठली नाव कुठून येते ते सांगत होता आणि मी एकही शब्द ऐकत नव्हतो. शेवटी त्याला मध्येच थांबवून मी सगळं सांगून टाकलं, अक्षतेपासून गाठींपर्यंत. काही सोडलं नाही, दार लावून घेतलं होतं तेही सांगितलं.

मग त्याने एकच प्रश्न विचारला.

"गाठ तुजीच व्हती? नक्की?"

"माझीच."

तो उठला आणि चालायला लागला. मला वाटलं, गेला. जायलाच हवं होतं. मी त्या कठड्यावर अर्धा तास तरी बसलो असेन आणि त्या अर्ध्या तासात मला माझं वय पहिल्यांदा नीट कळलं. मग तो कागदी पेल्यांत दोन चहा घेऊन आला. एक माझ्या हातात दिला. डोळे लाल होते.

"मग एवढी वर्षं मी लोकांना हसवलं, ते कशावर बे?" तो म्हणाला.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हातानेच थांबवलं. म्हणाला, माफीबिफी नंतर. खिशातून फोन काढला आणि सोलापूरला मुलाला लावला. श्रीनिवास, माझ्या लेकीच्याच वयाचा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. अण्णाने आवाज मोठा केला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"त्याला सांग. मला सांगितलास तसं."

बापाला सांगण्यापेक्षा लेकाला सांगणं अवघड गेलं. मी अडखळत सांगितलं. पलीकडे दुकानातला गलबला ऐकू येत होता, तो हळूहळू लांब गेला. पोरगा बाहेर येऊन उभा राहिला असावा. त्यांच्या घरात तेलुगू, बापाला 'नाना' म्हणतात.

"म्हणजे नाना चुकले नव्हते?" त्याने विचारलं.

"नाही. मी चुकलो होतो."

"काका, मी आठवीत असताना मामाच्या मागावर बसलो होतो. हात बसत होता माझा. नानांनी तितनं फोन करून मला उठिवलं. आपल्या घरात हात न्हाई म्हणाले. आजपतुर मला खरं वाटत होतं ते."

तो रडला असता, शिव्या दिल्या असत्या, तरी मला सोपं गेलं असतं. अण्णाने फोन कानाला लावला आणि तेलुगूत काहीतरी बोलत राहिला. लहानपणापासून पूर्वभागात येऊनजाऊन मला तेलुगू थोडं कळतं. तो पोराला सांगत होता की ऐकलंस ना, स्वतःच्या कानांनी ऐकलंस ना. तेच तेच पुन्हा पुन्हा. फोन ठेवल्यावर त्याने गार झालेला चहा पिऊन टाकला आणि आपण आता जेवायला कुठे जायचं ते विचारलं.

त्यानंतर दिवसभर तो नेहमीसारखा होता, असं मी म्हणणार नाही. बाजारात माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. पण माझ्या लेकीसाठी त्याने खजुराची पेटी घेतली, माझं सामान पुन्हा भरून दिलं आणि त्या जाकिटाच्या आत घालायला स्वतःचा लोकरी सदरा काढून दिला. मी नको म्हणालो, तर म्हणाला, थंडीनं मरशील आणि मला तुझ्या लेकराला तोंड दाखवायची चोरी होईल. विमानतळावर सामान देऊन झालं. पुढे त्याला सोडत नव्हते, दारापाशीच थांबावं लागलं. मी म्हणालो, अण्णा, आता तरी बोल. शिवी दे, काहीही दे. त्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीची पट्टी नीट केली.

"माज्या पोराला कळायला पायजे व्हतं, कळलं," तो म्हणाला. "तुज्या पोरीला नको सांगू. बाप जसा हाय समजून ती एवढ्या लांब बोलावतीय, तिला तसाच दिसू दे."

मी मान हलवली आणि आत गेलो. विमानात बसेपर्यंत मला वाटत होतं की ही माफी आहे. मग वाटलं की नाही, माफी यापेक्षा स्वस्त असते.

टोरांटोला लेकीने माझी खोली मांडून ठेवली होती. खिडकीबाहेर बर्फ, भिंतीवर तिच्या आईचा फोटो, आणि तिने माझ्या नातवाला आधीच सांगून ठेवलेलं, आजोबा कध्धी खोटं बोलत नाहीत. चार दिवस मी ते ऐकून घेतलं. अण्णाचा शब्द मी आयुष्यात मोडला नव्हता. पाचव्या दिवशी मोडला. लेकीला समोर बसवलं आणि म्हटलं, माझी एक चूक आहे, तुझ्या जन्माच्या आधीची, ती तुला माहीत हवी.