झेल मुरली, गोलंदाज जनकोजी

चेपॉकच्या मैदानावर जेवणानंतर एक वेळ अशी येते, की सगळं जरा पाण्याखाली गेल्यासारखं दिसतं. उन्हानं गवत पांढरं पडतं, फिल्डर जागच्या जागी तरंगतात, आणि कॉमेंट्री बॉक्सच्या काचेआड आम्ही दोघं, म्हणजे जनकोजीराव आणि मी, दहीभातानं जड झालेले डोळे उघडे ठेवायची शिकस्त करत बसतो. मग समुद्रावरून वारा येतो. तो आला की जनकोजीराव बोलायचे थांबतात. आजकाल माईकपुढं बसलेली माणसं श्वास घ्यायलाही थांबत नाहीत, गप्प बसलं तर कोणी पगार कापेल अशी भीती असल्यासारखी. हे मात्र वारा ऐकतात आणि लोकांनाही ऐकू देतात.

मी कृष्णकांत, मूळचा साताऱ्याचा. बँकेनं चेन्नईत आणून टाकलं आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलो. एका ऑनलाइन रेडिओवर तमिळ कॉमेंट्री चालते, तिथं मी त्यांना आकडे पुरवतो. जनकोजीराव तंजावरी मराठी. पूर्वज कधीकाळी इकडं आले, घरातली मराठी तेव्हाचीच राहिली आणि वर तमिळची फोडणी बसली. "तुमची मराठी फार घाईची हो," ते मला म्हणतात. "कुणी मागं लागलंय का तुमच्या?"

तरुणपणी ते डावखुरे फिरकी गोलंदाज. रेल्वेच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी नेट्स आणि राज्याच्या संघात जागा. त्यांची सगळी करामत त्या वाऱ्यावर. सकाळभर निमूटपणे टाकत राहायचं. दुपारी वारा आला की चेंडू हवेत जरा रेंगाळायचा आणि फलंदाज फसायचा. कड लागली की पहिल्या स्लिपमध्ये मुरली असायचाच. मुरलीही तंजावरी, त्याच गल्लीतला, एका ताटात जेवलेला. पेपरात 'झे. मुरली गो. जनकोजी' इतक्यांदा छापून यायचं, की लोकांना ते एकाच माणसाचं नाव वाटायचं.

मग तो उपांत्य सामना आला. ऐंशीच्या दशकातला. निवड समितीची माणसं खास जनकोजींना बघायला आलेली. दुपारी वारा आला, चेंडू रेंगाळला, समोरच्या नावाजलेल्या फलंदाजाच्या बॅटची कड लागली, आणि शाळेतल्या पोरानं घेतला असता असा झेल मुरलीनं सोडला. तो फलंदाज दुसऱ्या दिवशीपर्यंत खेळला. निवड समितीची माणसं घरी गेली आणि जनकोजींचं नाव पुन्हा कुठल्या मोठ्या यादीत आलं नाही.

झेल सुटला तेव्हा जनकोजी एवढंच म्हणाले, "सरी, बरं, जाऊ दे," आणि वळून आपल्या मार्कवर गेले. या लोकांची ही रीत आहे. दुखलं की बोलायचं नाही, उलट समोरच्याला जास्त मान द्यायचा. त्या संध्याकाळपासून ते मुरलीला 'अहो' म्हणू लागले. आमच्याकडं असतं तर दोघांनी एकमेकांची गचांडी धरली असती आणि आठवड्यात सगळं मिटलं असतं! मुरलीनं खेळणं सोडलं, शहराच्या पार उत्तर टोकाला, एन्नोरला वीज केंद्रात नोकरी धरली आणि तिकडंच राहिला. लग्नकार्यात दोघं भेटायचे. "सौख्य का?" "सौख्य." झालं संभाषण.

पुढं जनकोजींचे खांदे थकले. एकदा रेडिओचा कॉमेंटेटर आजारी पडला म्हणून त्यांना सहज बसवलं, आणि तो आवाज लोकांना आवडला. तेव्हापासून ते माईकपुढंच आहेत. मुलं नाहीत, दुसरा छंद नाही. "हे गेलं तर मी भिंतीकडं तोंड करून बसणार," असं ते स्वतःच सांगतात. शिवाय अलीकडं दुपारी त्यांना मैदानावर जरा जास्त माणसं दिसतात. गेलेली, म्हातारी झालेली, सगळी पांढऱ्या कपड्यांत, आपापल्या जागी उभी. मला सांगतात तेव्हा ते घाबरलेले नसतात, सुखावलेले असतात.

या जानेवारीत ते घडलं. दुपारची वेळ, वारा नुकताच आलेला. एका डावखुऱ्या फिरकीवाल्या पोरानं चेंडू टाकला, तो रेंगाळला, कड लागली. जनकोजीराव खुर्चीतून अर्धे उठले आणि माईकमध्ये ओरडले, "मुरली! पिडिच्चुट्टान्! मुरलीनं पकडला!"

झेल घेतला होता कार्तिकेयनं, विशीतल्या पोरानं. मी कागदावर नाव लिहून पुढं सरकवलं, पण त्यांनी ते पाहिलंच नाही. ते स्लिपकडं बघत हसत होते.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप फोनाफोनांवर फिरली. 'आजोबा झोपेत बोलले.' आमची प्रोड्युसर यामिनी मुलगी चांगली, पण वरून निरोप आला तो तिला सांगावाच लागला. उद्या सकाळी माईकवर स्पष्ट दुरुस्ती करायची, नाहीतर पुढच्या सामन्याला दुसरा माणूस. जनकोजीराव "सरी" म्हणाले.

मी त्यांना अड्यारला घरी सोडलं. त्यांच्या पत्नी विजयलक्ष्मीबाईंनी कॉफी दिली तोच फोन वाजला. पलीकडून घोगरा आवाज आला, "मी मुरली. मी धरला म्हणून ऐकलं."

जनकोजीरावांनी कप खाली ठेवला. "हो," ते म्हणाले. "धरलात तुम्ही."

पलीकडचा म्हातारा हसला, मग त्याला हुंदका आला आणि त्यानं फोन ठेवला.

आता आली का पंचाईत! दुरुस्ती केली तर मुरलीच्या हातून तो झेल दुसऱ्यांदा सुटणार, तोही सगळ्या गावाच्या कानांदेखत. नाही केली तर माईक जाणार. जनकोजीराव कॉफीकडं बघत म्हणाले, "नाही करत दुरुस्ती. त्याला असू दे एवढं."

विजयलक्ष्मीबाई भडकल्या. "भीक घालतांत काय त्यांना? त्या दिवशी एक शिवी दिली असतांत तर पुरे होतं. 'अहो' म्हणालांत, तेव्हाच त्यांना घराबाहेर काढलांत. आज पुन्हा मोठेपणा नको!"

मला ते मनापासून पटलं, पण कॉफी त्यांच्या घरची पीत होतो म्हणून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईक सुरू झाला. जनकोजीराव तमिळमध्ये सावकाश म्हणाले, "काल स्लिपमध्ये झेल घेतला तो कार्तिकेयनं. मी मुरलीचं नाव घेतलं. चूक माझी." यामिनीनं सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र एन्नोरमधली ती खोली आणि फोनला कान लावून बसलेला तो म्हातारा दिसला.

वाऱ्याची वेळ नव्हती तरी जनकोजीराव थांबले. मग एकदम म्हणाले, "आणि मुरलीचं नाव घेणं हा कार्तिकेयचा अपमान आहे. मुरली तिथं असता तर चेंडू त्याच्या पोटावर आपटून खाली पडला असता. मी पाहिलंय. ऐकतोयस ना रे गाढवा, एन्नोरमध्ये? तसला झेल कोणी सोडतं का?"

यामिनीनं तोंडावर हात दाबला. हसू होतं. "कालच्यापेक्षा हीच क्लिप जास्त फिरणार," ती पुटपुटली. तेवढ्यात टेबलावरचा फोन उजळला. ड्रिंक्ससाठी खेळ थांबला तेव्हाही तो उजळतच होता, मग जनकोजीरावांनी तो कानाला लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की मलाही सगळं ऐकू येत होतं. आधी तमिळ शिव्यांची सरबत्ती झाली. मग धाप लागली, आणि मग मराठी आली.

"जन्या, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं रे. तुझं सिलेक्शन झाल्यावर कुणाकुणाला जेवायला बोलवायचं, ते मी मोजत उभा होतो."

ड्रिंक्स संपले, गोलंदाज धावत निघाला, यामिनीनं खूण केली. जनकोजीरावांनी फोन तसाच कानाशी धरून माईक माझ्याकडं सरकवला. तमिळ मला कळतं, पण बोलता येतं ते भाजी घेण्यापुरतं. त्या षटकात मी नुसत्या धावा सांगितल्या.