पप्पांसाठी बंद ठेवलेली ट्रिम

पप्पांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, मीच बसवली, लिनक्सही मीच टाकलं आणि सेटिंगच्या बाबतीत मात्र जाणकारांचं ऐकलं नाही. त्यांचा सल्ला असा, की ‘ट्रिम’ चालू ठेवावी. फाइल पुसली की ट्रिम डिस्कला सांगते, ही जागा मोकळी झाली. मग डिस्क तिथलं खरोखरच साफ करते आणि जास्त दिवस टिकते. पण पुसलेलं परत मिळत नाही. आमच्या घरात हे परवडणारं नव्हतं.

कारण पप्पा. पापडीच्या वाडीत त्यांचा जन्म केळी लावण्यात गेला. बुंध्याशी पिलं फुटली की एक ठेवायचं, बाकीची कापायची, हे हातात इतकं मुरलेलं की लॅपटॉपवरही तेच. मी बॅकअप म्हणून ठेवलेली फाइल ते हुडकून काढणार आणि उडवणार. वर मलाच विचारणार, "एका बुंध्याला इतकी पिलं कशाला?" मी केव्हाच हात टेकले होते. ट्रिम बंद केली आणि म्हटलं, डिस्क लवकर झिजली तर झिजू दे.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगेनात. ती लग्नाच्या मांडवात गायची ती गाणी पप्पांनी तिला ओट्यावर बसवून लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, एकेक गाणं तीन-चारदा. ऑपरेशननंतर ती फक्त कुजबुजू लागली.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी राहते त्या फुलपाड्याहून पप्पांच्या घरी गेले, तर आई रुसलेली. तिला हवं असलेलं एक रेकॉर्डिंग पप्पांनी कापलं होतं. "त्यात मी मध्येच बोललो," ते म्हणाले. "गाणं बिघडलं होतं. चांगलं ठेवलंय ना."

ट्रिम बंद होती, म्हणजे पुसलेलं अजून डिस्कवर असणार; त्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये म्हणून लॅपटॉपला हात लावायचा नाही अशी त्यांना ताकीद देऊन मी शोध सुरू केला. पप्पा मांडीवर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखे बसून राहिले. मला त्यांची फार दया आली. दुपारी एक बिननावाची फाइल सापडली, ती लावली. आई गात होती. मध्येच पप्पांचा आवाज: "जरा मोठ्यानं, नाहीतर वऱ्हाड झोपेल." आणि आई हसली. मोकळी, खळखळून, बराच वेळ. गाणं तिथंच थांबलं.

आई पप्पांकडे वळून कुजबुजली, "गाणी बाकीच्यांत आहेत. माझं हसणं एवढ्यातच होतं."

 पप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "याची पिलं असू दे. होतील तितकी."