पालखीच्या दिवसाची हजेरी

या गावात मुख्याध्यापिका म्हणून बदलून येऊन दोन महिने होताहेत तोच शाळेच्या स्वयंमूल्यांकनाचा फॉर्म आला. प्रत्येक मुद्द्यापुढे आपणच आपला स्तर निवडायचा आणि पुरावा जोडायचा. 'शाळेतलं वातावरण आनंदी आहे' याला पुरावा काय जोडतात, हे मला आजही कळलेलं नाही. हसणाऱ्या मुलांचा फोटो घ्यायला गेले, तर मोबाइल पाहून सगळी सावधानमध्ये उभी राहिली.

हजेरीचं तरी सोपं असेल म्हणून हजेरीपट काढला आणि तिथेच अडकले. गेल्या शिमग्यात गावात पालखी फिरली, त्या दिवशी चौथीत एकही मूल गैरहजर नव्हतं. त्याआधीच्या वर्षीही तेच. माझ्या गावी, पालीला, पालखीच्या दिवशी शाळेत चिटपाखरू फिरकत नाही. म्हणजे हजेरी मनानेच भरलेली. वर्ग गुरुजींचा, शाळेतले सर्वांत जुने शिक्षक, मे महिन्यात निवृत्त होणारे.

विचारलं तर म्हणाले, "पालखीचा दिवस होता, बाई." मला ती कबुलीच वाटली. लेखी खुलासा मागितला. त्यातही तेच एक वाक्य आणि खाली सही. तो कागद वर पाठवायचा की फाडून टाकायचा, ठरेना. गुरुजी ऑफिसात चहाला यायचे बंद झाले. मला त्यांचा राग येत होता आणि शरमही वाटत होती. कसली, ते उमगत नव्हतं.

फॉर्मची मुदत संपण्याआधीच यंदाची पालखी आली. रिकाम्या वर्गाचा फोटो पुरावा म्हणून जोडावा, या विचाराने मी लवकर पोचले. चौथीचा वर्ग गच्च भरलेला, मुलींच्या केसांत अबोली. अंगणातल्या दगडी चौथऱ्यावर मी हौसेने मांडलेल्या कुंड्या गुरुजी एकेक करून भिंतीशी नेऊन ठेवत होते.

"आज सगळ्या कशा आल्या गं?" मी एका मुलीला विचारलं.

"पालखी आधी शाळंतच बसते न्हाय का, बाई. हाच तिचा चौथरा हाय. आज कोन घरी ऱ्हाईल?"

गुरुजींनी हात झटकले, हजेरीपट आणून माझ्यापुढे धरला. "हजेरी तुम्हीच घ्या, बाई."

मी नावं वाचत गेले. प्रत्येक 'हजर' ऐकताना मान खाली जात होती. तोवर ढोल जवळ आले आणि गुरुजी पालखीला सामोरे गेले.

खुलाशाचा कागद मी त्याच दिवशी फाडला. मे महिन्यात त्यांच्या निरोपसमारंभात त्यांच्या चोख कामाबद्दल भरभरून बोलले. माफी मागायची तेवढी राहिली.